मुलांचे फोटो : भिंग कोणतें, फ्लॅश कोणता?

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे पाळणा, दुपटीं आणि टोपडीं यांच्या पाठोपाठ आतां कॅमेऱ्याचाही विषय निघूं लागला आहे. मोबाईलवर हजारों फोटो असतात. परंतु त्यांतला मोठा करून भिंतीवर लावावा असा एकही सांपडत नाहीं, अशी तक्रार ऐकूं येते. मग घरांतील कर्ता मुलगा दुकानांत जातो. तेथें कॅमेऱ्यापेक्षां भिंगांचींच नांवें अधिक कानीं पडतात, आणि गृहस्थ गोंधळून, पेटींत जें मिळेल तें घेऊन परत येतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कांहीं कुटुंबांतून याबद्दल आमच्याकडे विचारणा झाली आहे. भिंग कोणतें घ्यावें आणि फ्लॅश घ्यावा कीं नाहीं, एवढ्यापुरतेंच आम्ही येथें बोलूं.

प्रथम तत्त्व सांगतों. मुलास कॅमेऱ्याच्या सोयीनें बसवूं नये. कॅमेऱ्यानें मुलाच्या सोयीनें वागावें. मूल क्षणभरही स्वस्थ बसत नाहीं, ही पहिली अडचण. त्याचा दिवस माजघरांत, स्वयंपाकघराच्या दारांत, आजीच्या पलंगापाशीं, म्हणजे जेथें उजेड बेताचा तेथें जातो, ही दुसरी. चंचल मूल आणि अंधुक उजेड, या दोहोंस जें भिंग पुरें पडेल, तेंच घरच्या उपयोगाचें.

ही अडचण कांहीं आजची नव्हे. १८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर यांची रीति जाहीर झाली, तेव्हां एकेका चित्रास कित्येक मिनिटें लागत. पुढेंही बरींच वर्षें विलायतेंतील स्टुडिओंत लहान मुलाचें चित्र काढतांना आई स्वतः अंगावरून कापड ओढून खुर्चीसारखी बसे आणि मुलास मांडीवर घट्ट धरून ठेवी. तीं जुनीं चित्रें आज पाहिलीं तर पुढें मूल स्पष्ट दिसतें आणि मागें पांघरुणाखालीं आई! या संकटांतून वाट काढण्यास गणित उपयोगी पडलें. १८४० मध्यें व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक जोसेफ पेट्झव्हाल यांनीं हिशेब करून असें भिंग रचलें कीं, तत्पूर्वींच्या भिंगांच्या मानानें त्यांतून सुमारें वीसपट प्रकाश आंत येऊं लागला. माणसाच्या तोंडवळ्यासाठीं मुद्दाम केलेलें तें पहिलें यशस्वी भिंग. तात्पर्य, अधिक प्रकाश घेणारें भिंग ही चैनीची वस्तु नसून चेहरा टिपण्याच्या गरजेंतूनच ती जन्मास आली.

हें भिंग ओळखावें कसें? भिंगावर 'एफ' हें अक्षर व त्यापुढें एक अंक लिहिलेला असतो. अंक जितका लहान, तितकें भिंगाचें द्वार मोठें व तितका प्रकाश अधिक. १.४, २, २.८, ४, ५.६ अशा या पायऱ्या असून प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होत जातो. कॅमेऱ्याबरोबर पेटींत जें १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग येतें, त्याचा अंक ५५ च्या टोकास बहुधा ५.६ असतो. त्याऐवजीं ५० मिलिमीटरचें, एफ १.८ चें साधें भिंग लावलें तर सुमारें साडेनऊपट प्रकाश मिळतो. म्हणजे जेथें पहिल्यास सेकंदाचा २५ वा भाग लागे, तेथें दुसऱ्यास जवळजवळ २५० वा भाग पुरतो. २५ व्या भागांत रांगणाऱ्या मुलाचा हात पुसट होतो. २५० व्या भागांत अंगणांत धांवणारें मूलही स्पष्ट उमटतें. एवढा फरक जें भिंग घडवितें, तें बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त भिंगांपैकीं एक असतें, हें गृहस्थाश्रमी माणसानें अवश्य ध्यानांत ठेवावें.

आतां ३५ घ्यावें कीं ५०? हे आंकडे भिंगाच्या नाभीय अंतराचे. आंकडा वाढला कीं भिंगाची नजर अरुंद होते. सामान्य कुटुंबांत जे कॅमेरे येतात, त्यांतील पुष्कळांचा सेन्सर मधल्या आकाराचा, सुमारें साडेतेवीस मिलिमीटर लांबीचा असतो. अशा कॅमेऱ्यावर सहा-सात वर्षांचें मूल नखशिखान्त घ्यावयाचें, तर कॅमेरा उभा धरूनही ३५ च्या भिंगास २ मीटर मागें सरावें लागतें आणि ५० च्या भिंगास जवळजवळ ३ मीटर. दहा फुटांच्या खोलींत ३ मीटर मागें जाणाऱ्याची पाठ भिंतीस टेंकते! म्हणून ज्यांचें बिऱ्हाड दोन-तीन खोल्यांचें, त्यांनीं ३५ घ्यावें. ज्यांच्या घरीं ओसरी, अंगण वा गच्ची आहे, त्यांनीं ५० घ्यावें. कॅमेरा पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ मिलिमीटर लांबीच्या सेन्सरचा असेल, तर घरांत ५० आणि नुसत्या तोंडवळ्यासाठीं ८५ हें माप धरावें. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं दूरचें टिपणारें लांब भिंग वर्षांतून एकदांच लागतें. तें कोणाकडून मागून आणावें.

येथें दोन सूचना. फार जवळ जाऊन काढलेल्या चित्रांत नाक मोठें व कान लहान दिसतात. हा दोष भिंगाचा नसून अंतराचा आहे. चार-पांच फूट तरी राखावे. दुसरी सूचना द्वाराविषयीं. ५० च्या भिंगाचें द्वार १.८ पर्यंत उघडून पांच फुटांवरून चित्र घेतलें, तर स्पष्टपणाची खोली जेमतेम चार बोटें राहते. बाळाचे डोळे स्पष्ट आले कीं मागें बसलेल्या आजीचा चेहरा पुसट होतो. एकट्या मुलास हें शोभतें. परंतु दोन भावंडें वा तीन पिढ्या एकत्र असतील, तेव्हां द्वार ५.६ पर्यंत लहान करावें, म्हणजे ही खोली सुमारें एक वीत होते. सर्वांस एका रांगेंत, कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर बसविलें कीं तेवढी पुरते.

भिंग घेतल्यावर लगेच फ्लॅशकडे धांवूं नये. घरांत जो उजेड फुकट मिळतो, तो आधीं ओळखावा. आपल्या शास्त्रकारांनीं देहलीदीपन्याय सांगितला आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आंत व बाहेर दोन्हीकडे उजेड देतो. छायाचित्रास हा न्याय थोडा फिरवून लावावा. उंबऱ्याच्या किंचित आंत बसलेल्या मुलावर बाहेरच्या आकाशाचा मऊ प्रकाश एका बाजूनें पडतो आणि मागचें माजघर आपोआप काळोखांत राहतें. सिंदखेडराजा येथें १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवास जाणारीं मुलें जिजाऊंचा व बाल शिवाजीचा वेष करतात आणि आईबाप त्यांस भर उन्हांत उभें करून फोटो घेतात. ऊन वरून पडतें, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, आणि मूल डोळे बारीक करतें. त्यापेक्षां लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याच्या दरवाजाच्या सावलींत, तोंड उघड्या आकाशाकडे करून उभें करावें. चेहरा उजळ येतो. तसेंच लोणारच्या सरोवराचें. तें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद. तें सगळें चित्रांत मावावें म्हणून रुंद नजरेचें भिंग लावतात आणि मुलास दूर कांठावर उभें करतात. मग मूल मुंगीएवढें होतें. १८ चें टोक लावावें, पण मुलास आपल्यापासून पांच-सहा फुटांवर घ्यावें. सरोवर मागें राहील आणि मूलही हरवणार नाहीं.

इतकें करूनही रात्रीं, बारशाच्या गर्दींत वा पावसाळ्याच्या काळवंडलेल्या दिवशीं फ्लॅश लागतोच. १८८७ पासून मॅग्नेशियमची भुकटी पेटवून हा लखलखाट करीत. धूर होई, मुलें दचकत. १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत हॅरल्ड एजर्टन यांनीं विजेचा क्षणदीप उपयोगांत आणला, त्याचाच वंशज आज आपल्या हातीं आहे. तो सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही थोडका काळ प्रकाशतो. मोबाईलवरील दिवा या जातीचा नव्हे. तो दुबळा व सावकाश असल्यानें चंचल मुलास तो स्थिर करूं शकत नाहीं.

कॅमेऱ्यावर जडविलेला लहान फ्लॅश सरळ मुलाच्या तोंडावर पडतो, चेहरा पिठूळ करतो आणि भिंतीवर कठोर सांवली पाडतो. शिवाय अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चौथाई होतो. एक मीटरवरचें बाळ पांढरें फटक आणि दोन मीटरवरची आजी अंधारांत, असें होतें. म्हणून फ्लॅश निराळा घ्यावा आणि घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. त्याची मान वर व बाजूंस वळली पाहिजे. प्रकाशाचें माप तो आपल्याच कॅमेऱ्याशीं जुळवून स्वतः घेणारा, म्हणजे दुकानदार ज्यास 'टीटीएल' म्हणतात तसा, असावा. आणि त्याचा बळाचा अंक फार लहान नसावा. अंक ४० असेल तर, आयएसओ १०० व द्वार ५.६ असतां, सरळ टाकलेला प्रकाश सुमारें ७ मीटर पोंचतो. परंतु छतावरून परतवितांना त्यांतला बराच खर्ची पडतो.

मान वळविण्याचा उपयोग हा कीं, प्रकाश पांढऱ्या छताकडे टाकला म्हणजे सारें छतच दिवा होतें आणि मुलावर मऊ उजेड उतरतो. सिमेंटच्या घरांत हें सहज साधतें. मात्र आमच्याकडील जुन्या धाब्याच्या घरांत तुळया काळवंडलेल्या असतात आणि कवेलूंच्या छपराखालीं तर वर टाकलेला प्रकाश परतच येत नाहीं. तेथें फ्लॅश बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा, किंवा धुतलेलें पांढरें धोतर दोरीवर पसरून त्यावर टाकावा. भिंत हिरवी असेल तर बाळ हिरवें दिसेल, एवढें लक्षांत असूं द्यावें.

फ्लॅशनें मुलाचे डोळे जातील, ही भीति आजींच्या बोलण्यांत नेहमीं येते. साध्या फ्लॅशनें दृष्टीस कायमची इजा होत नाहीं, असें नेत्रवैद्य सांगतात. तरी तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ तो उडवूं नये, कारण मूल दिपतें व बावरतें. डोळ्यांसंबंधीं खरी काळजीची गोष्ट निराळीच आहे आणि ती प्रत्येक आईबापानें जाणली पाहिजे. सरळ फ्लॅशच्या चित्रांत बाहुली लाल दिसते, ती डोळ्याच्या आंतील रक्तवाहिन्यांवरून परतलेल्या प्रकाशामुळें. त्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु एक डोळा लाल आणि दुसऱ्याची बाहुली पांढरी वा पिवळट, असें दिसलें, तर तें चित्र पुसूं नये आणि यंत्राकडून डोळा 'दुरुस्त' करवूं नये. कधीं केवळ कोनामुळेंही तसें दिसतें. पण कधीं तें मोतीबिंदूचें, तर कधीं लहान मुलांस होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा नांवाच्या डोळ्याच्या कर्करोगाचें पहिलें चिन्ह असतें. हा रोग बहुधा पांच वर्षांच्या आंतील मुलांस होतो, आणि लवकर कळला तर जीव वाचतो व पुष्कळदां दृष्टीही राखतां येते. तेव्हां तें चित्र घेऊन विनाविलंब नेत्रवैद्याकडे जावें. कारण कोणतें, तें त्यांनींच ठरवावें. घरीं कॅमेरा असण्याचा याहून मोठा उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

भिंग जपण्याविषयीं एवढेंच कीं, पावसाळ्यांत त्यास बुरशी धरते. चामड्याच्या पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावें. जुनें भिंग विकत घेतांना उजेडासमोर धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे नाहींत ना, हें पाहून घ्यावें.

शेवटीं दादासाहेब फाळके यांचें स्मरण होतें. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ते छायाचित्रकार होते. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटांत रोहिदासाचें काम त्यांच्याच मुलानें, भालचंद्रानें, केलें. त्या आधीं त्यांनीं कुंडींत पेरलेल्या बीजाची वाढ दिवसेंदिवस थोडथोडी टिपून एक लहानसा चित्रपट तयार केला होता. आपल्या घरींही ही युक्ति साधण्यासारखी आहे. दर वाढदिवसास मुलास त्याच उंबऱ्यावर, त्याच भिंगानें, सकाळच्या त्याच वेळीं टिपावें. त्या चित्रांपैकीं एक तरी कागदावर छापून घ्यावें, मागें तारीख व नांवें लिहावींत. आणि फोटो काढणारा नेहमीं बाप असेल, तर आईच्या वा आजीच्या हातीं कॅमेरा द्यावा. आई काढीत असेल, तर तिला मुलाशेजारीं बसवून बापानें तो घ्यावा. पुष्कळ घरांच्या संग्रहांत सर्व माणसें सांपडतात, फक्त फोटो काढणारें माणूस सांपडत नाहीं. मूल मोठें झाल्यावर नेमकें त्यालाच शोधतें.