पहिली बोट घेण्यापूर्वी : संपूर्ण खर्चाचा हिशेब हवा

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत आपल्या किनाऱ्यावरील बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव आणि खाडीपलीकडील उत्तन येथील कोळीवाड्यांत याच दिवसांत नव्या हंगामाचे बेत ठरतात. इतकी वर्षे दुसऱ्याच्या बोटीवर राबलेला एखादा तरुण घरात विषय काढतो, ‘यंदा स्वतःची बोट घ्यायची.’ आईचे दागिने, वडिलांची ठेव, बँकेचे कर्ज यांची जुळवाजुळव सुरू होते. बोटीवर आशीर्वाद मागण्यासाठी धर्मगुरूंना निमंत्रण जाते. तरुणांनी पूर्वजांचा व्यवसाय सोडू नये असे वाटणाऱ्या आम्हांस या उमेदीचा आनंदच आहे. परंतु या चर्चेत ‘बोट केवढ्याला पडते?’ हा प्रश्न सर्व जण विचारतात. ‘ती चालवायला किती लागेल?’ हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. अनेक कुटुंबांची विवंचना या दुसऱ्या प्रश्नातून सुरू होते.

या विषयाला अलीकडील निर्णयांमुळे विशेष महत्त्व आले आहे. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डावरील सवलतीच्या व्याजाची कर्जमर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये करण्याची घोषणा झाली व तीत मच्छीमारांचाही समावेश करण्यात आला. त्यापूर्वी २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्याला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. ही टक्केवारी शासनाने ठरवून दिलेल्या खर्चावर मोजली जाते, प्रत्यक्ष बाजारभावावर नव्हे. बोट ठरलेल्या रकमेहून महाग पडली तर वरचा सर्व भार नाखव्यावरच येतो. शिवाय अनुदान हाती पडेपर्यंतचा काळ स्वतःच्या पैशावर काढावा लागतो.

आमच्या मते बोटीच्या खर्चाचे चार भाग करावेत व चारही भाग कागदावर उतरल्याशिवाय विसार देऊ नये.

पहिला भाग बोट उभी करण्याचा. लाकडी वा फायबरची बोट आणि इंजिन एवढेच बहुधा मोजले जाते. परंतु जाळी, दोर, नांगर, बोये, मासळी ठेवण्याचा बर्फाचा कप्पा, जीपीएस, वायरलेस संच, लाईफ जॅकेट, नोंदणी, परवाना व विमा यांवाचून बोट समुद्रात जाऊ शकत नाही. डोल असो वा वागरा, जाळ्यांचा खर्च एकदाच करून संपत नाही. जाळी फाटतात, वाहून जातात, मोठ्या जहाजाखाली तुटतात.

दुसरा भाग खेळत्या भांडवलाचा. डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांची उचल हा पैसा मासळी हाती येण्यापूर्वीच द्यावा लागतो. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदाला डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो खरा, परंतु आधी पूर्ण दराने डिझेल घ्यावे लागते, आणि परतावा दीर्घकाळ थकल्याच्या तक्रारी मच्छीमार संस्थांनी वारंवार केल्या आहेत. म्हणून परताव्याची रक्कम चालू खर्चात जमा धरू नये. किसान क्रेडिट कार्डाचा खरा उपयोग या दुसऱ्या भागासाठी आहे. ते पैसे बोटीच्या खरेदीतच संपवले, तर बोट येते पण तिला समुद्रात नेण्यास पैसा उरत नाही.

तिसरा भाग बंदीच्या महिन्यांचा. समजा, १० लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये पडतो आणि मुद्दलाव्यतिरिक्त जवळजवळ ४ लाख रुपये व्याजापोटी जातात. हप्ता बारा महिन्यांचा असला तरी कमाई फार तर दहा महिन्यांची असते. म्हणजे मासेमारीच्या प्रत्येक महिन्यात सुमारे २०,००० रुपये केवळ हप्त्यासाठी बाजूस काढावयास हवेत. त्यातच बंदीच्या काळात बोट वर ओढणे, तळ खरवडणे, रंग देणे आणि इंजिनाची दुरुस्ती ही कामे निघतात. मुलांच्या शाळांचे नवे वर्षही जूनमध्येच सुरू होते.

चौथा भाग संकटांचा. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ व ‘महा’ या लागोपाठच्या वादळांनी ऐन हंगामात बोटी बंदरात बसवल्या. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ने तर नांगरलेल्या बोटी फोडल्या. मत्स्यसंपदा योजनेतील अपघात विम्याने मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपयांची तरतूद केली. हा विमा माणसाचा आहे. बोटीचा विमा स्वतंत्रपणे उतरवावा लागतो, हे अनेकांना हानी झाल्यावर कळते. शिवाय मासेमारीच्या क्षेत्राचेही भवितव्य पाहावे लागते. डहाणूजवळील वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. आपले पारंपरिक क्षेत्र आक्रसेल अशी भीती तेथील मच्छीमारांनी सातत्याने व्यक्त केली आहे. दीर्घ मुदतीचे कर्ज घेणाऱ्याने हा विचारही करावयास हवा.

जुनी बोट स्वस्त पडते म्हणून तिच्याकडे ओढा असतो. ती घेताना नोंदणी कोणाच्या नावे आहे, तिच्यावर बँकेचा वा संस्थेचा बोजा आहे काय, परवाना चालू आहे काय, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अनुभवी तांडेल व मिस्त्री यांना सोबत नेऊन तळ आणि इंजिन पाहून घ्यावे.

हिशेब चुकला की काय घडते, हे कोळीवाड्यांना नवीन नाही. पहिल्याच हंगामात खेळते भांडवल संपते. बँक तातडीने पैसे देत नाही, व्यापारी देतो. त्याबदल्यात मासळी त्यालाच, त्याने ठरवलेल्या भावाने द्यावी लागते. कागदोपत्री बोट नाखव्याची राहते, परंतु मासळीवर त्याची सत्ता उरत नाही. या साखळीचे शेवटचे टोक खलाशी होय. आपल्या बोटींवर पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांतील बांधवही राबतात. नाखवा अडचणीत आला की प्रथम त्यांचा मोबदला थकतो. कामगारास न्याय्य वेतन मिळावे अशी शिकवण पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात दिली. खलाशाचा वाटा हा बोटीच्या अंदाजपत्रकातील पहिला खर्च आहे. उरले तर द्यावयाची ती रक्कम नव्हे.

यावर उपाय नाही असे नाही. दोघा-तिघांनी लेखी करार करून भागीदारीत बोट घेता येते. प्रथम लहान बोटीवर दोन हंगाम काढून मग मोठी घेता येते. वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९१८ मध्ये स्वतःची सहकारी बँक उभी करून सावकारीला पर्याय दिला होता. ती परंपरा आपल्या रक्तात आहे. मच्छीमार संस्थांनी नव्या नाखव्यासाठी खर्चाचा नमुना तक्ता तयार करावा. धर्मग्रामातील बँक कर्मचारी व हिशेबनीस यांनी बंदीच्या काळातील एखादा रविवार या मार्गदर्शनासाठी द्यावा. घरातील स्त्रियांना त्यात अवश्य बोलवावे, कारण बाजारातील भाव आणि घरातील उधारी या दोहोंची खरी माहिती त्यांनाच असते.

लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. आधी बसून खर्चाचा हिशेब न केल्यास पाया घालूनही काम अपुरे राहते आणि पाहणारे हसतात. शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी प्रभूने व्यवहारातील हे शहाणपण निवडले, हे विसरून चालणार नाही. बोटीवर आशीर्वाद मागण्यापूर्वी तिचा हिशेब मांडणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. ज्या कुटुंबाला ती बोट पोसणार आहे आणि जे खलाशी तिच्यावर जीव धोक्यात घालणार आहेत, त्यांच्याविषयीचे ते आपले कर्तव्य आहे.