रिकाम्या दिवसांचे भाडे

माद्रिदच्या सान्तियागो बर्नाबेऊ स्टेडियमच्या शेजाऱ्यांना फुटबॉलचा गलका नवा नाही. स्टेडियम १९४७ सालचे; सामन्याच्या रात्री झोपेचे खोबरे होणार, हे तिथे घर घेतानाच गृहीत धरलेले असते. २०२४च्या उन्हाळ्यात मात्र गलक्याची जात बदलली. मेअखेरीस टेलर स्विफ्टने सलग दोन रात्री तिथे गाऊन स्टेडियम भरवले, मागोमाग आणखी मैफली लागल्या, आणि शेजारपाजारच्या मंडळींनी आवाज मोजून तक्रारींचा सपाटा लावला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबरमध्ये रेआल माद्रिद क्लबला ठरलेल्या मैफली रद्द कराव्या किंवा पुढे ढकलाव्या लागल्या.

याच क्लबने २०२३-२४च्या हंगामात १०० कोटी युरोंच्या वर महसूल मिळवला. असे करणारा तो जगातला पहिला फुटबॉल क्लब. स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी त्याने तीन टप्प्यांत मिळून सुमारे ११७ कोटी युरोंचे कर्ज काढले, आणि त्यातला सगळ्यात कौतुकाचा भाग म्हणजे मैदानाची हिरवळ. ती सहा पट्ट्यांमध्ये कापलेली आहे. सामना नसेल तेव्हा हे पट्टे एकेक करून खोल तळघरात उतरतात, तिथे त्यांना दिवे आणि पाणी मिळते, आणि वरची मोकळी जागा प्रदर्शनाला, मैफलीला किंवा दुसऱ्या खेळाला भाड्याने देता येते. एवढा खटाटोप कशासाठी? वर्षातल्या ज्या ३३५-३४० दिवशी तिथे फुटबॉल नसतो, त्या दिवसांसाठी.

आपल्याकडच्या मंगल कार्यालयाच्या मालकाला हे गणित कुणी समजावून सांगायला नको. मुहूर्त मोजके, पण जागेचा कर, झाडलोट, रखवालदार आणि बँकेचे हप्ते बारा महिने. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये क्लबच्या वाट्याला घरच्या मैदानावर १९ सामने येतात; चषक स्पर्धा आणि युरोपातले सामने धरले तरी आकडा २५-३०च्या पुढे क्वचितच जातो. भारतात इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५च्या हंगामात घरचे साखळी सामने होते १२. बारा दिवसांच्या कमाईवर हजारो खुर्च्यांचे स्टेडियम चालत नाही, हे उघड आहे. मग उरलेल्या दिवसांत ते कमावू शकते का?

‘हो’ म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट पुरावा उत्तर लंडनमध्ये उभा आहे. टॉटनहॅम हॉट्स्परचे स्टेडियम एप्रिल २०१९मध्ये उघडले. ६२,८५० आसने, खर्च सुमारे १०० कोटी पौंड. गवताचे मैदान तीन तुकड्यांचे. ते दक्षिणेकडच्या स्टँडखाली सरकते आणि खालून अमेरिकन फुटबॉलचे कृत्रिम मैदान वर दिसते. त्यासाठी एनएफएलशी करार आहे. २०२१मध्ये इथेच मुष्टियुद्धात उसिकने जोशुआला हरवले. बियॉन्से २०२३मध्ये पाच रात्री गायली, २०२५मध्ये सहा. छताच्या कडेवरून पैसे देऊन चालता येते, स्टँडखाली गो-कार्टचा ट्रॅक आहे, पोटात बिअरची भट्टी आहे. फुटबॉलबाह्य मोठ्या कार्यक्रमांची मर्यादा वर्षाला १६ होती, ती स्थानिक परिषदेने ३०वर नेली. आणि गंमत म्हणजे २०२४-२५मध्ये हा संघ लीगमध्ये सतरावा आला, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या रेषेच्या अगदी वर. (त्याच वर्षी त्याने युरोपा लीग जिंकली, हे टॉटनहॅमच्या चाहत्यांच्या नशिबाला साजेसेच.) संघ हरला तरी त्या संध्याकाळी गो-कार्ट चालवणाऱ्याचे तिकीट कमी होत नाही. जय-पराजयापासून उत्पन्न थोडे तरी सुटे करणे, हा या सगळ्या व्यवसायाचा खरा अर्थ आहे आणि तो नाकारण्यासारखा नाही.

पण हा पुरावा स्टेडियमचा की लंडनचा? तीच सरकती हिरवळ ब्राझिलियात नेऊन ठेवली असती तर तिने काय कमावले असते? २०१४च्या विश्वचषकासाठी तिथे माने गारिंचा स्टेडियम जवळजवळ नव्याने उभे राहिले, सत्तर हजारांच्या वर क्षमतेचे आणि त्या स्पर्धेतल्या सर्वांत महागड्यांपैकी एक. शहरात त्या तोलामोलाचा क्लब नव्हता. वर्षभरातच त्याच्या आवारात शहराच्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या. बसगाड्यांची सोय हाही एक उपयोगच, पण त्यासाठी एवढे खांब उभारावे लागत नाहीत. मोठ्या मैफलीला मोठे शहर लागते, विमानतळ, हॉटेले आणि महागडे तिकीट परवडणारा लाखभर श्रोता लागतो. जगातल्या बड्या गायकांच्या दौऱ्यात एका देशाच्या वाट्याला बहुतेक वेळा दोन-तीन शहरे येतात. चौथ्या शहराने छत बांधले म्हणून गायक तिकडे वळत नाही.

माद्रिदच्या हिशेबातही एक बारीक अक्षरांतली ओळ आहे. २०२२मध्ये क्लबने सिक्स्थ स्ट्रीट आणि लेजंड्स या कंपन्यांशी करार केला: ३६ कोटी युरो आता, आणि त्या बदल्यात स्टेडियमच्या काही नव्या व्यवसायांतला वाटा २० वर्षांसाठी त्यांचा. यात गैर काही नाही. पण ज्या भावी कमाईच्या भरवशावर कर्ज काढले, त्यातला हिस्सा आधीच उचलून झाला आहे आणि मैफली शेजाऱ्यांनी अडवल्या आहेत. एवढ्या श्रीमंत क्लबला हे पचते. बाकीच्यांनी अनुकरण करताना पोटाचा अंदाज घ्यावा.

मला स्वतःला या झगमगाटापेक्षा स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे उदाहरण जास्त शिकवणारे वाटते. तिथले संक्त याकोब पार्क २००१मध्ये उघडले. स्टेडियमच्या इमारतीत खरेदीचे संकुल आहे आणि ज्येष्ठ नागरिकांची निवासी सदनेही आहेत. दुकानाचे भाडे आणि आजी-आजोबांचे महिन्याचे पैसे गोल झाला की नाही यावर अवलंबून नसतात. हॅम्बुर्गला सांक्त पाउलीच्या स्टेडियमच्या इमारतीत पाळणाघर आहे. ॲमस्टरडॅमच्या अरेनात २०१८पासून १४८ विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांइतकी, ३ मेगावॅटची साठवण यंत्रणा आहे. ती वीजजाळ्याला आधार देऊन पैसे मिळवते. यांच्या बातम्या होत नाहीत, तिकिटांसाठी झुंबड उडत नाही, पण गवतावर कुणी पायही ठेवत नाही.

ॲमस्टरडॅमचे नाव निघाले म्हणून गवताचेही सांगायला हवे. १९९६मध्ये हे छताचे स्टेडियम उघडले तेव्हा ते भविष्यातले स्टेडियम म्हणून गाजले. गवताने मात्र साथ दिली नाही. उंच स्टँडच्या सावलीत ऊन-वारा पुरेना, त्यात कार्यक्रमांची गर्दी. हिरवळ पुन्हा पुन्हा उपटून नवी अंथरावी लागली. मैफलीसाठी गवतावर फळ्या टाकतात, मंचाचे टनावारी लोखंड चढवतात, त्यावर हजारो माणसे नाचतात. दोन-तीन दिवसांत खालचे गवत पिवळे पडते. म्हणून मैफलीचे भाडे हे पूर्ण उत्पन्न समजायचे नाही. त्यातून नव्या हिरवळीचा खर्च आणि तिला मुळे धरायला लागणारे आठवडे वजा करायचे.

आणि इथेच भारतातला प्रश्न युरोपापेक्षा वेगळा होतो. युरोपात बहुतेक लीगचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये सुरू होतो. मधले जून-जुलै म्हणजे तिथला उन्हाळा, उघड्यावर गाण्याचे दिवस. फुटबॉल सुट्टीवर जातो तेव्हाच गायक दौऱ्यावर निघतात. मैफलीने खराब केलेले गवत ऑगस्टपर्यंत पुन्हा लावता येते. आपल्याकडे फुटबॉलला सुट्टी मिळते ती बहुतेक पावसाळ्यात, आणि मुंबई-गोव्याच्या पावसात जुलै महिन्यात उघड्या मैदानावर मैफल कोण ठेवणार? गाण्याचे दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सामन्यांचे दिवसही तेच. दोघांना एकच कोरडा हंगाम हवा असतो. युरोपातला नमुना जसाच्या तसा उचलला तर तो इथे या एका कारणाने अडतो, आणि सल्लागारांच्या अहवालांत पावसाचा उल्लेख बहुधा पार्किंगच्या परिच्छेदात असतो.

दिल्लीने हे २०२४मध्ये अनुभवले. २६ आणि २७ ऑक्टोबरला जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिलजीत दोसांझ गायला. दुसऱ्या दिवशी तिथे सराव करणाऱ्या एका धावपटूने दाखवलेली दृश्ये देशाने पाहिली: ट्रॅकवर कचरा, बाटल्या, मोडलेले अडथळे. ३१ ऑक्टोबरला त्याच मैदानावर पंजाब एफसीचा लीगचा सामना होता. मैदान साफ झाले, सामना झाला. पण भाडे देणारा निघून गेल्यावर मुलांच्या सरावाचे किती दिवस बुडाले, ते कुठल्याच पावतीवर लिहिले गेले नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या २९ तारखेला कोचीच्या कलूर स्टेडियमवर अकरा हजारांच्या वर नर्तकींचा विक्रमी भरतनाट्यम झाला आणि तात्पुरत्या मंचावरून पडून आमदार उमा थॉमस गंभीर जखमी झाल्या. बघायला बांधलेल्या जागेत ऐनवेळी मंच उभारण्यासाठी वेगळे कौशल्य, वेगळी तपासणी लागते, हे त्या अपघाताने दाखवले.

मग आपण मैफली बंदच कराव्यात काय? नाही. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम पाहा. २०१७मध्ये जस्टिन बीबर, २०१९मध्ये यू-टू, जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री. मधल्या काळात आयपीएल, युवा फुटबॉल विश्वचषकाचे सामने, महिलांचे क्रिकेट. जागा खासगी, मालक एक, निर्णय झटपट. मुंबई महानगराइतका श्रोता दाराशी. म्हणजे आपल्याकडेही हे जमते. फक्त एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: मुंबई सिटी एफसी सुरुवातीचे दोन हंगाम इथे खेळली, नंतर अंधेरीच्या पालिकेच्या क्रीडा संकुलातल्या सात-आठ हजारांच्या मैदानात गेली. कमावणारे स्टेडियम आहे, तिथे क्लबचा फुटबॉल नाही. फुटबॉल आहे तिथे मैफलीएवढी जागा नाही.

मालकीचा मुद्दा मी जाणूनबुजून इथवर राखून ठेवला होता, कारण माझ्या मते गाडी तिथेच अडते. टॉटनहॅम आणि माद्रिद आपापल्या स्टेडियमचे मालक आहेत. गवत खराब झाले तर नुकसान त्यांचे, भाडे आले तर फायदा त्यांचा, म्हणून दोन्हींचा तोल ते स्वतः सांभाळतात. आपले क्लब बहुतांशी भाडेकरू. मडगावच्या फातोर्डाचे स्टेडियम गोवा सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाचे, अंधेरीचे पालिकेचे, कोचीचे विकास प्राधिकरणाचे. मैफलीचे भाडे मालकाला मिळते आणि खड्ड्यात पाय मुरगळतो तो भाडेकरूच्या बचावपटूचा. भाडेकरू वर्षाच्या करारावर असेल तर तो स्टँडखाली उपाहारगृह किंवा संग्रहालय कशाला बांधेल? नावाचे हक्क विकून पैसा मिळवावा तर तीही वाट अरुंद: मडगाव, दिल्ली, कोची, चेन्नई, चारही ठिकाणी स्टेडियम नेहरूंच्या नावाचे. त्यापुढे सिमेंटच्या ब्रँडची पाटी लावायला निघालेला मंत्री अजून जन्माला यायचा आहे.

फातोर्डाच्या इतिहासात या बहुउपयोगाचा आणखी एक धडा आहे. १९८९मध्ये बांधलेल्या या मैदानावर दोन दशके आंतरराष्ट्रीय क्रिकेटही झाले. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसाने एकही चेंडू न पडता वाहून गेला, आणि नंतर तिथे एकदिवसीय सामना झाला नाही. क्रिकेटला मधोमध टणक मातीची खेळपट्टी हवी, फुटबॉलला तिथेच मऊ गवत. एका मैदानाने दोघांना खूश ठेवायचे म्हटले की दोघेही कुरकुरतात. फातोर्डा फुटबॉलचे झाल्यावरच २०१७च्या युवा विश्वचषकाचे आणि लीगच्या अंतिम सामन्यांचे यजमान होऊ शकले. तिकडे एका उपयोगाचा त्याग हीच गुंतवणूक ठरली.

उलट बाजूने एक आक्षेप येतो आणि तो मला हलका वाटत नाही. सार्वजनिक मैदानाने कमवावेच का? ग्रंथालयाला आपण नफा विचारत नाही. सकाळी चालायला येणारे, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे, शाळांचे संघ हे त्या जागेचे खरे धनी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे संघ भिडतात तेव्हा तिथे जे घडते त्याची किंमत तिकीटविक्रीत मावत नाही. कमाईचा हट्ट धरला की पहिली गदा सरावाच्या वेळांवर येते. पण याच आक्षेपाला महाराष्ट्रातल्या कित्येक क्रीडा संकुलांनी आपापल्या परीने उत्तर दिले आहे: देखभालीला पैसा नाही, म्हणून फाटकाला कुलूप. कुलपाआडचे मोफत मैदान कुणाच्याच कामाचे नाही.

मधली वाट गावोगावी आधीच आहे, तिला कुणी धोरण म्हणत नाही एवढेच. स्टेडियमच्या बाहेरच्या अंगाला गाळे, त्यांत खेळाच्या सामानाची, चहाची, झेरॉक्सची दुकाने. आणि गेल्या काही वर्षांत शहरांत उगवलेली टर्फ: जाळीतले छोटे कृत्रिम मैदान, रात्री अकराला दिव्यांखाली दहा-बारा जण वर्गणी काढून तासाचे हजार-दीड हजार मोजतात आणि तरी वेळ मिळत नाही. फुटबॉल पाहायला शंभर रुपये काढताना विचार करणारा माणूस खेळायला दीडशे देतो, हे या धंद्याने सिद्ध केले. मोठ्या स्टेडियमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात अशी दोन टर्फ टाकली तर मुख्य गवताला धक्का न लावता बाराही महिने पैसा येतो. वर पत्रा असेल तर पावसातही. त्यातून स्टेडियमचे बांधकाम फिटणार नाही. माळी, पाणी, दिवे आणि रखवालदार सुटतील. मैफलीही होऊ द्याव्यात, वर्षाला दोन किंवा तीन, आणि निविदेत भाड्याच्या आकड्याआधी दोन रकाने असावेत: पुढच्या सामन्याच्या आधी सोडायचे किमान दिवस, आणि नव्या हिरवळीच्या पूर्ण खर्चाएवढी अनामत, जी मैदान तपासून क्लबची सही झाल्याशिवाय परत मिळणार नाही. आयोजकाला हे महाग वाटले तर त्याने एखादे प्रदर्शन केंद्र पाहावे.