आधी बॅटरी विचारा, मग मशीन

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांचं फजरच्या सुमारास निधन झालं. दफन जुहरनंतर ठरलं. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती, पण कब्रस्तानात गवत छातीला लागत होतं. शहापूर-मुरबाडकडे पावसाळा संपत आला की रान कसं माजतं, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जनाजा न्यायला वाट हवी, कबर खोदायला जागा मोकळी हवी, आणि गवतात जनावर असेल ही धास्ती होतीच.

हाताशी तीन-चार तास होते. मशीनं मात्र भरपूर होती. मुरबाडहून आलेला माझा भाचा सुतारकाम करतो. त्याने गाडीत बॅटरीवरचं ब्रश कटर टाकून आणलं होतं. त्याला एका वेळी अठरा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. वीस-बावीस मिनिटांत ती जोडी संपली आणि चार्जर लावायला गेलो तर लाइट नव्हती. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या मेहुण्याने ड्रिलच्या तीन भरलेल्या बॅटऱ्या आणून दिल्या. शेजारच्या आंबेवाल्याने फांद्या छाटायच्या करवतीच्या दोन दिल्या. भाचा एकेक लावून बघत होता.

"मामू, सगळ्या अठरा व्होल्टच्याच आहेत, पण एक बसेल तर शप्पथ!"

पाच भरलेल्या बॅटऱ्या पायरीवर तशाच पडून राहिल्या. शेवटी दरवर्षी आमच्याकडे गवत कापणारे ठाकूर समाजातले काका दोन्ही मुलांना घेऊन आले. "गुरुजी, सरका जरा," म्हणाले आणि विळ्याने तासाभरात वाट मोकळी केली. दफन वेळेवर झालं. पण त्या पाच बॅटऱ्या काही माझ्या डोक्यातून जाईनात.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध इतकाच की गावात कोणी नवीन वस्तू घेतली की माहितीपत्रक वाचून दाखवायला मला बोलावतात. त्यामुळे "सर, कोणतं मशीन घेऊ?" हा प्रश्नही माझ्याकडेच येतो. त्या दिवसापासून माझं उत्तर बदललं. मशीन कोणतं हे नंतर बघा, आधी बॅटरी कोणाची ते ठरवा. आणि ते एकट्याने ठरवू नका.

असं का म्हणतो, त्यासाठी बॅटरीच्या पोटात काय आहे ते बघावं लागेल. अठरा व्होल्टच्या बॅटरीत लिथियमचे ३.६ व्होल्टचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. पाच गुणिले ३.६ म्हणजे अठरा. काही डब्यांवर 'वीस व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं असतं. तेही हेच पाच सेल. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल चार व्होल्टच्या आसपास दाखवतो, म्हणून वीस. दुकानदार 'दोन व्होल्ट जास्त' म्हणून विकत असेल तर हसून पुढे जावं. जास्त क्षमतेच्या बॅटरीत अशाच पाच-पाच सेलच्या दोन किंवा तीन ओळी असतात. म्हणजे आतला मजकूर एकच. फरक वरच्या प्लास्टिकच्या खाचेत आणि आतल्या छोट्या सर्किटात. एकच वाक्य दोन लिप्यांत लिहिलेलं असावं आणि एकाचं दुसऱ्याला वाचता येऊ नये, तसं हे झालं. लिप्या निदान शतकांच्या इतिहासातून आल्या. ही खाच कंपनीने मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण एकदा बॅटरी घेतली की पुढची सगळी मशीनं तुम्ही तिच्याकडूनच घ्याल हे तिला माहीत आहे.

यात सगळ्याच मोठ्या कंपन्या आल्या. बॉशची कारागिरांसाठीची निळी मशीनं आणि घरगुती हिरवी मशीनं, दोन्ही अठरा व्होल्टची, पण एकाची बॅटरी दुसऱ्याला चालत नाही. मकिताची अठरा व्होल्टची मालिका २००५ सालापासून चालू आहे आणि खाच तीच ठेवली, ही चांगली गोष्ट. पण त्यांचीच पुढची चाळीस व्होल्टची मालिका आली, तिची खाच वेगळी. तेव्हा नुसतं कंपनीचं नाव बघून भागत नाही, मालिका बघावी लागते.

दुसरा हिशोब ताकदीचा. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की वॉट-अवर मिळतात. अठरा गुणिले पाच म्हणजे नव्वद. अशा दोन बॅटऱ्यांचे एकशे ऐंशी. दाट गवतात कटरची मोटर पाचशे वॉट खेचत असेल, तर १८० भागिले ५००, म्हणजे एकवीस-बावीस मिनिटं. भाच्याच्या मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. गणित आम्ही केलं नव्हतं, इतकंच. उलट ड्रिलने स्क्रू बसवताना मोटर थांबत-थांबत चालते, म्हणून तीच बॅटरी सुताराला अर्धा दिवस पुरते.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ हजार वॉट-अवर ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, तरी उरतं ते बॅटरीच्या कितीतरी पट. म्हणून ज्याला एकरभर बांध आणि बाग सलग साफ करायची आहे, त्याला मी आजही पेट्रोलचंच कटर घ्या म्हणतो. विजेवर नव्वद वॉट-अवरची बॅटरी भरायला एक युनिटचा दहावा हिस्सा, म्हणजे रुपयाभर खर्च. हे खरं असलं तरी बॅटरी भरायला लागणारा तास आणि त्या तासात वीज असणं, हेही खर्चात धरा.

मग बॅटरीचं मशीन कोणी घ्यावं? सुतार, ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवणारा, वायरमन, पत्र्याचं काम करणारा, यांनी जरूर घ्यावं. नव्या घरात मीटर लागण्याआधी काम करायचं असतं, माळ्यावर, शिडीवर वायर ओढत न्यायची नसते. घराभोवतीचं कुंपण, दहा-बारा कलमं, छोटं कब्रस्तान एवढ्यासाठीही ते बरं. कबरींच्या आसपास लोखंडी पातं न लावता नायलॉनची दोरी लावावी. दगडाला लागलं तर दोरी तुटते, दगड उडण्याचा धोका मात्र तिच्यातही असतो. चष्मा आणि बूट हवेतच.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, तुमच्या वाडीत, मोहल्ल्यात, नात्यात आधीच कोणत्या खाचेच्या बॅटऱ्या आहेत. दोन, दुरुस्ती कुठे होते. शहापूरहून एसटीने किंवा आसनगावहून लोकलने जाऊन त्याच दिवशी परत येता आलं पाहिजे. तीन, पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला काय-काय लागेल आणि ते सगळं त्या मालिकेत आहे का. हे जुळलं तर दुसरं मशीन बॅटरी-चार्जरशिवाय 'नुसतं मशीन' म्हणून घेता येतं आणि मोठी बचत होते. हे जुळलं नाही तर प्रत्येक स्वस्त ऑफरसोबत एक नवा चार्जर घरात येतो.

आखातातून सामान आणणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरात पहिलं ड्रिल बहुधा तिकडूनच आलेलं असतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेत न्याव्या लागतात. मर्यादा शंभर वॉट-अवरची. पाच अँपिअरची नव्वदची असते, ती चालते. सहा अँपिअरची १०८ भरते, तिला एअरलाइनची परवानगी लागते. चार्जरवर ११०-१२० व्होल्ट एवढंच लिहिलेलं असेल तर तो इथल्या २३० व्होल्टवर जळेल. आणि तिकडची वॉरंटी इकडे चालते का, हे दुकानातच विचारून घ्या. मेहुण्याने हे काही विचारलं नव्हतं. प्रेमाने आणलेल्या वस्तूबद्दल कोण विचारतं?

आता नामी कंपनीच्या खाचेत बसणाऱ्या स्वस्त नकली बॅटऱ्या. त्यांच्यावर सहा अँपिअर लिहिलेलं असतं, आत किती ते उघडल्याशिवाय कळत नाही. मी अशी एक घेतली, दुसऱ्या पावसाळ्याआधी ती संपली. एका खाचेची बॅटरी दुसऱ्या मशीनला लावणारे ॲडॅप्टरही मिळतात. पण काही कंपन्यांत बॅटरी फार रिकामी होऊ न देण्याची सोय मशीनमध्ये असते, बॅटरीत नसते. ॲडॅप्टर लावला की ती सोय गेली. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नये, महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवावी. फुगलेली बॅटरी भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका, तिथे कोणाचं तरी पोर ती फोडत बसतं. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराला तसं बजावून सांगा.

इथवर घरगुती सल्ला झाला. खरं गाऱ्हाणं पुढे आहे. आमच्या शेतकऱ्याच्या पाठीवर फवारणीचा पंप असतो, त्यात बहुधा १२ व्होल्टची, आठ किंवा बारा अँपिअरची शिशाची बॅटरी असते. पंप एका कंपनीचा, बॅटरी दुसऱ्याच कंपनीची, तरी बसते, कारण आकार ठरलेला आहे. शहापूरच्या, मुरबाडच्या बाजारात ती कोणत्याही दुकानात मिळते. विजेरीच्या सेलचंही तेच. मग लिथियम आल्यावर हा शहाणपणा कुठे गेला? कंपन्या सांगतात, बॅटरी आणि मशीन आपसात तापमानाची बोलणी करतात, म्हणून खाच वेगळी लागते. पण २०१८ साली जर्मनीत मेटाबोच्या पुढाकाराने अनेक कंपन्यांनी एकच बॅटरी स्वीकारली. २०२० साली बॉशने घरगुती मशीनांसाठी तशीच आघाडी केली. म्हणजे जमतं. फक्त कोणाला आत घ्यायचं ते कंपन्या ठरवतात, गिऱ्हाइक नाही. युरोपने २०२४च्या अखेरीपासून फोनला एकच चार्जर सक्तीचा केला. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारंही होती. त्या यादीत बॅटरीची खाच आली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. छोट्या कारागिराचं भांडवल या खाचेत अडकून पडतं.

एक आक्षेप मीच माझ्यावर घेतो. मशीन घेतलं तर विळा घेऊन येणाऱ्या काकांचं काय? जमातीच्या बैठकीत मी हा प्रश्न काढला तेव्हा एकजण म्हणाला, "सर, एवढा विचार केला तर गवत तसंच राहील." दुसऱ्याने त्याला गप्प केलं, "त्या दिवशी वाट कोणी केली?" बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. मशीन जमातीने घ्यायचं, चालवायचं काकांच्या थोरल्या मुलाने. मजुरी तासावर द्यायची नाही, पूर्वीसारखी पूर्ण कब्रस्तानाची ठरवून द्यायची. काम लवकर उरकलं तर वाचलेला वेळ त्याचा. इतर दिवशी तो मशीन नेऊन बाहेरची कामं करू शकेल, बॅटऱ्या बिघडल्या तर खर्च जमातीचा. हा निर्णय सगळ्यांना पटलेला नाही. मला पटला आहे.

आणि मशीन कोणतं? त्यासाठी मी पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर वही घेऊन दारात बसलो. कोणाच्या घरी कोणत्या खाचेची, किती अँपिअरची बॅटरी आहे, विचारून लिहीत गेलो. सत्तावीस बॅटऱ्या निघाल्या, खाचा सहा प्रकारच्या. त्यात सर्वांत जास्त, अकरा, एका मालिकेच्या होत्या. आम्ही त्याच मालिकेचं कटर घेतलं, बॅटरीशिवाय नुसतं मशीन. भाच्याची मालिका दुसरी निघाली. तो अजून थोडा रुसलेला आहे.