रेड आहे ना, मग काळजी कसली?

रेड म्हटलं की आपल्याला आधी इन्कम टॅक्सवाल्यांची धाड आठवते. नंतर आठवतो पेपरातला हमखास प्रश्न : 'रेडच्या लेव्हल्स आकृतीसह स्पष्ट करा.' मीही तो पाठ करून लिहिला आणि मार्कही घेतले. पण रेड म्हणजे काय हे मला कळलं ते सबमिशनच्या तीन आठवडे आधी!

आमच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चार महिने चौकातल्या ट्रॅफिकचं रेकॉर्डिंग जमवत होतो. ते ठेवायला 1 टीबीच्या 4 हार्ड डिस्क वर्गणी काढून घेतल्या आणि लिनक्सवर रेड 5 लावलं. जागा मिळाली 3 टीबी; उरलेल्या एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला. पॅरिटीचं गणित शाळकरी आहे. तीन डिस्कवर 1, 0, 0 असेल तर चौथीवर 1 लिहायचा, म्हणजे बेरीज सम. पहिली डिस्क मेली तरी उरलेल्या 0, 0, 1 वरून हरवलेला आकडा 1 होता हे लगेच कळतं. (रेड 5 मध्ये ही पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटलेली असते, एवढंच.) आम्ही खूश! कुणी बॅकअपचं विचारलं की आमचं उत्तर ठरलेलं, "रेड आहे ना!"

मग एका रात्री दोन वाजता जागा रिकामी करायला मी डिलीटची कमांड दिली. फोल्डर चुकला. चारही डिस्क ठणठणीत होत्या आणि चारही डिस्कनी माझा हुकूम इमानेइतबारे पाळला. चार महिन्यांचं काम मिनिटभरात साफ!! रिपोर्ट मेलवर होता म्हणून वाचला. रेकॉर्डिंग गेलं ते गेलंच. पार्टनरना सकाळी काय तोंड दाखवायचं, या विचाराने झोप लागली नाही.

चूक माझी होती, रेडची नाही. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली ती एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त, छोट्या डिस्क वापरता याव्यात म्हणून. पण डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बिघडायची शक्यताही वाढते. म्हणून जास्तीची माहिती ठेवायची, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. रेडचं काम एवढंच. चुकून केलेलं डिलीट, व्हायरस, चोरी, आग यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. रेड 1 मध्ये तर आरसाच असतो. आपण तोंड काळं केलं तर आरशातलंही काळंच दिसणार! आणि रेड 0 मध्ये एक डिस्क गेली की सगळंच गेलं.

माझं म्हणणं असं, की रेडच्या आकृत्या काढून घेणं पुरे झालं. एक प्रॅक्टिकल ठेवा. त्याला खर्चही नाही. लिनक्समध्ये चार फाइल्सनाच डिस्क समजून रेड 5 बनवता येतं. त्यातली एक काढून टाका, डेटा शाबूत आहे का बघा, नवीन जोडून रिबिल्ड करा. मग एकाच वेळी दोन डिस्क काढा आणि सगळं कसं जातं तेही बघा. शेवटी एक फाइल डिलीट करून ती रेडकडून परत मागा. हात चोळत बसण्याचा तो अनुभव जर्नलमध्ये लिहिण्यासारखा असतो.

आणि तोपर्यंत जुना नियम पाळा : डेटाच्या 3 प्रती, 2 वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली 1 दुसऱ्या जागी. होस्टेलच्या एकाच कपाटातल्या दोन हार्ड डिस्क म्हणजे दुसरी जागा नव्हे!

ओरलला एक्स्टर्नलनी विचारलंच, "बॅकअप नव्हता?" रेडच्या सगळ्या लेव्हल्स तोंडपाठ असूनही मी गप्प होतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. हा अंक खाली ठेवा आणि आधी एक कॉपी काढा.