५० ओहमचा ताईत

बोर्डाच्या ड्रॉइंगवर 'इंपिडन्स कंट्रोल्ड, ५० ओहम, अधिक-उणे १० टक्के' एवढं लिहिलं की आपण सुटलो, असं समजणाऱ्या तमाम हार्डवेअरवाल्यांशी माझं भांडण आहे. मी फर्मवेअर लिहितो. त्यामुळे बोर्डावर पॅकेटं गळायला लागली की फोन मलाच. "ड्रायव्हरमध्ये रिट्राय वाढव ना जरा!"

मंडळी, इंपिडन्स हा तांब्याच्या रेघेचा एकटीचा गुण नव्हे. रेघेची रुंदी, खालच्या ग्राउंड प्लेनपासूनचं अंतर आणि मधला एफआर-४ मिळून तो ठरतो. १.६ मिलिमीटरच्या दोन थरी बोर्डावर ५० ओहमसाठी साधारण ३ मिलिमीटर रुंद ट्रेस लागतो. चार थरांत प्लेन ०.२ मिलिमीटरवर असेल तर तोच ०.४ च्या जरा आत येतो. तरी आमच्याकडे रूटिंग आधी आणि स्टॅकअप फॅबला नंतर विचारणार. लग्न लागल्यावर पत्रिका बघण्यातला प्रकार!

आता म्हणाल, फॅबवाले टीडीआरने मोजून रिपोर्ट देतात की. देतात ना. पण मोजतात कशावर? बहुतेक वेळा पॅनेलच्या कडेला छापलेल्या टेस्ट कूपनवर. कूपनखालचा प्लेन अखंड असतो. तुमच्या ट्रेसखाली मात्र ३.३ आणि ५ व्होल्टच्या प्लेनमधली फट आहे, त्याचं काय? सिग्नलचा परतीचा करंट ट्रेसच्या अगदी खालून धावतो. फट आली की त्याला वळसा पडतो, तिथे इंपिडन्स चढतो, रिफ्लेक्शन येतं, शिवाय ईएमआय टेस्टला बोंब. रिपोर्टात यातलं काही दिसणार नाही. कूपन पास, बोर्ड नापास.

"आपला क्लॉक तर फक्त २५ मेगाहर्ट्झ" हे आणखी एक पालुपद. अहो, क्लॉक नाही, एज बघा! एफआर-४ मध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातो. एज १ नॅनोसेकंदाची असेल तर ढोबळ हिशेबाने अडीच सेंटिमीटरपुढचा ट्रेस ट्रान्समिशन लाइन झाला. मग क्लॉक महिन्यातून एकदा का टिकटिकेना.

असो. रुंदी आणि थरांची जाडी फॅब सांभाळेल, प्लेन कुठे कापायचा हे लेआउटवालाच ठरवतो. तेव्हा पुढच्या रिव्ह्यूला मला तो रिपोर्ट नको. ट्रेसचा थर आणि त्याखालचा प्लेन एकावर एक ठेवून दाखवा.