ओळख हरपते, माणूस नव्हे

पनवेलचे जुने वाडे एकेक करून पडले आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशाच एखाद्या इमारतीतील दोन खोल्यांच्या घरात, सायंकाळ झाली की, ऐंशी ओलांडलेल्या आजी दाराशी येऊन म्हणतात, "मला घरी जायचंय, आई वाट पाहत असेल." सून समजावते, "अहो आई, हेच आपलं घर. तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली." सुनेचे म्हणणे खरे असते, पण आजींना ही वार्ता त्या क्षणी प्रथमच कळते. मातृशोक असा रोज नव्याने का द्यावा? "तुमची आई कशी होती हो?" एवढे विचारून हात हाती घेतला, तर पाय आपोआप आत वळण्याची शक्यता अधिक.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख वृद्धांना, स्मृतिभ्रंशाने गाठले आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटातील विद्वान संस्कृत पंडित हत्तीमागे वाट चुकतो, तेव्हा त्याला सांभाळते ती माहुताची बायको. तिला त्याचे पांडित्य ठाऊक नसते. ती त्याला लेकराप्रमाणे भरवते, आणि तो तिला आई म्हणतो. घरच्यांना नेमके हेच जड जाते, कारण त्यांना पूर्वीचा माणूस परत हवा असतो.

अखेरच्या टप्प्यात वाचा जाते, गिळणे अवघड होते. तेव्हा घाबरून रुग्णालय गाठले जाते आणि नाकातून नळी घातली जाते. या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही. उलट ती उपसू नये म्हणून हात बांधण्याची पाळी येते. रुग्ण घेईल तितकेच चमच्याने सावकाश भरवावे, ओठ ओले ठेवावेत, कूस बदलावी, कण्हण्याकडे व कपाळावरील आठ्यांकडे लक्ष द्यावे, वेदनेवर औषध मागून घ्यावे. गंगाजलही तोंडात ओतू नये, ठसका लागतो. तुळशीपत्राने ओठांना लावावे. नावे विसरली तरी लहानपणीचे स्तोत्र वा ओवी पुष्कळदा उरते. ती हळू म्हणावी.

हे सारे करणार कोण? एकत्र कुटुंबाचा आपण अभिमान मिरवतो, पण रात्रीचे जागरण बहुधा एकट्या सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला येते. तिने थकून वृद्धाश्रमाची चौकशी केली, की नाके मुरडायला सारी आळी हजर! २००७ चा कायदा मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देऊ शकतो, उशाशी बसणारे माणूस देऊ शकत नाही. पनवेलजवळच्या नेरे येथील शांतिवनाने समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांना आधार दिला. ही भूमी सेवेला अनोळखी नाही. शाखेच्या गटाने आपल्या वस्तीतील अशी दोन-चार घरे हेरावीत. आठवड्यातून एक दुपार कोणी आजींपाशी बसावे, आणि तेवढ्या वेळात त्या सुनेला निवांत झोपू द्यावे.