आयसीएसई : सॉफ्टवेअरवरच्या जागतिक परिषदेचा आलापल्लीतल्या हजेरीशी काय संबंध?

८ जुलै २०२५ ला केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. विषय होता मनरेगाच्या कामांवरची हजेरी.

ही हजेरी एनएमएमएस नावाच्या मोबाईल ॲपवर घेतली जात होती. मे २०२१ मध्ये ते आलं आणि १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर सक्तीचं झालं. मजुरांचे दिवसातून दोन फोटो काढायचे, सोबत वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदवलं जाणार, म्हणजे खोटी हजेरी थांबणार, असा हिशेब होता. २०२५ च्या परिपत्रकात मंत्रालयाने स्वतःच सांगितलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढून तो ताजा म्हणून पाठवला जातोय, एकाच मजुराचा चेहरा वेगवेगळ्या मस्टरमध्ये दिसतोय आणि दुपारचा फोटो अनेकदा येतच नाही.

मग उपाय काय सांगितला? ग्रामपंचायतीने सगळे फोटो आणि हजेऱ्या डोळ्यांनी पडताळायच्या. तालुक्याने २० टक्के, जिल्ह्याने १० टक्के, राज्याने ५ टक्के. माणसांवर भरवसा नाही म्हणून ॲप आणलं, आणि ॲपवर भरवसा उरला नाही म्हणून तपासायला पुन्हा माणसं बसवली.

सॉफ्टवेअर असं का फसतं आणि ते फसू नये म्हणून काय करायचं, या प्रश्नावर जगभरातले संशोधक गेली पन्नास वर्षं एकत्र जमत आले आहेत. त्या परिषदेचं नाव इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, थोडक्यात आयसीएसई. (शाळेच्या बोर्डाशी फक्त नाव जुळतं.) २०२५ मध्ये ती कॅनडात ओटावाला झाली. २०१४ मध्ये ती भारतात पहिल्यांदा भरली तेव्हा ठिकाण होतं हैदराबाद. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीहून सिरोंचामार्गे गोदावरी ओलांडली की तेलंगण सुरू होतं. नकाशावर तरी ती परिषद फार लांब नव्हती.

ही परिषद आली कुठून?

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावात नाटोच्या विज्ञान समितीने एक बैठक बोलावली होती. संगणक वेगाने मोठे होत होते, पण त्यांच्यावर चालणारे प्रोग्रॅम वेळेत पूर्ण होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता आणि चुका संपत नव्हत्या. पूल किंवा धरण बांधणाऱ्या अभियंत्याकडे शास्त्र असतं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे तसं काही का नसावं, असा सवाल होता. बैठकीच्या शीर्षकात 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे शब्द मुद्दाम घातले होते, थोडं डिवचण्यासाठीच. पुढे तेच नाव रुजलं.

१९७५ मध्ये वॉशिंग्टनला आयसीएसईची पहिली परिषद झाली. इतर विज्ञानशाखांमध्ये मोठं संशोधन आधी नियतकालिकात येतं. संगणकशास्त्रात मात्र परिषदेत निबंध निवडला जाणं हीच मोठी गोष्ट मानली जाते. आयसीएसईच्या मुख्य विभागात आलेल्या पाच निबंधांपैकी साधारण एक निवडला जातो. शिवाय दहा वर्षांपूर्वीचा कोणता निबंध खरोखर उपयोगी ठरला हे मागे वळून पाहायचं आणि त्याला पुरस्कार द्यायचा, अशीही इथे पद्धत आहे. संशोधनाचा परिणाम मोजण्याचा हा मार्ग जास्त प्रामाणिक म्हणायला हवा, कारण निबंध छापून आला त्या वर्षी सगळ्यांनाच तो महत्त्वाचा वाटत असतो.

तिथल्या संशोधनाने आपल्या आयुष्यात काय बदललं?

दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

पहिलं १९८१ चं. मार्क वायझर या संशोधकाने आयसीएसईत 'प्रोग्रॅम स्लायसिंग' ही कल्पना मांडली. समजा पगाराच्या प्रोग्रॅममध्ये दहा हजार ओळी आहेत आणि शेवटी येणारा एक आकडा चुकतोय. त्या आकड्यावर ज्यांचा परिणाम होतो तेवढ्याच ओळी वेगळ्या काढायच्या आणि बाकीच्या बाजूला ठेवायच्या. अनुभवी प्रोग्रॅमर चूक शोधताना डोक्यात हेच करत असतो, हे वायझरच्या लक्षात आलं होतं. त्याने ते यंत्राकडून करून घ्यायची रीत दाखवली. प्रोग्रॅम तपासणाऱ्या साधनांमध्ये आज ही नेहमीची पायरी आहे. याच वायझरने पुढे संगणक टेबलावरून उतरून भोवतालच्या प्रत्येक वस्तूत मिसळून जाईल, अशी कल्पना मांडली. ॲपवर हजेरी लावणाऱ्या ग्रामरोजगार सेवकाच्या हातात आज जे आहे, ते त्या कल्पनेपासून फार दूर नाही.

दुसरं उदाहरण हैदराबादचं. २०१४ च्या परिषदेत दहा वर्षांपूर्वीच्या ज्या निबंधाचा गौरव झाला, तो टॉमस झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. ऑनलाईन दुकानात 'हे पुस्तक घेणाऱ्यांनी तेही घेतलं' अशी सूचना येते ना, तीच युक्ती त्यांनी प्रोग्रॅमला लावली. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंदवही ठेवलेली असते. ती नोंदवही चाळून त्यांचं साधन सांगायचं की ज्यांनी हा भाग बदलला, त्यांनी तो दुसरा भागही बदलला होता, तुम्ही विसरलात का? अर्धवट दुरुस्तीतून नव्या चुका जन्माला येतात, त्यावर हा इलाज होता.

त्याच २००४ सालापासून सॉफ्टवेअरच्या अशा नोंदवह्यांमधून शिकणाऱ्या संशोधकांची वेगळी बैठकही आयसीएसईला जोडून भरू लागली. आज या क्षेत्रातल्या संशोधनाचा मोठा हिस्सा याच प्रकारचा आहे. गेल्या काही वर्षांत त्यात चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेल्सची भर पडली. मॉडेल कोड कसा लिहितं, चूक कशी दुरुस्त करतं, त्याने लिहिलेल्यावर किती विसंबायचं, यावर निबंधांचा पूर आला आहे. आणि ही मॉडेल्स शिकली कशावर? इंटरनेटवर उघड्या पडलेल्या कोडवर आणि त्याच्या नोंदवह्यांवर.

महाराष्ट्र यात कुठे आहे?

बऱ्यापैकी आत आहे. पुण्यात १९८१ मध्ये टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, सुरू झालं. पास्कल या भाषेच्या, जगभर पसरलेल्या कंपायलरवर झुरिकमध्ये काम केलेले केसव नोरी इथल्या सॉफ्टवेअर संशोधनाच्या मुळाशी होते. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून त्यातल्या चुका पकडणारी साधनं बनवणं हा या केंद्राचा हातखंडा. टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधकांचं व्हेरीॲब्स हे साधन २०२० मध्ये सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका प्रमुख गटात पहिलं आलं होतं.

आयसीएसईच्या धर्तीवरची भारतीय परिषद, आयसेक, २००८ पासून भरते. ती २००९ आणि २०१९ मध्ये पुण्यात झाली, २०१६ मध्ये गोव्यात. म्हणजे मराठी मुलखात हे शास्त्र कोणाला ठाऊक नाही, अशातला भाग नाही.

मग आलापल्लीत काय अडतं?

आलापल्ली हे अहेरी तालुक्यातलं मोठं गाव. इथल्या सागवानाची ख्याती जुनी आहे आणि जवळच्या 'वनवैभव' या जुन्या जंगलाच्या तुकड्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली आणि चंद्रपूर या चारही दिशांचे रस्ते इथे मिळतात, त्यामुळे दक्षिण गडचिरोलीचा हा नाका आहे. भामरागडच्या रस्त्यावर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. दरवर्षीची ही गोष्ट असल्याने स्थानिकांना त्यात नवल वाटत नाही. नवल वाटायला हवं ते ॲपचा आराखडा काढणाऱ्यांना.

एनएमएमएसच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. नेटवर्क नसताना फोटो काढून ठेवायची आणि नंतर चढवायची सोय त्यात होती, असं मंत्रालयाचं म्हणणं आहे. तरीही हजेरी चढलीच नाही तर ती हाताने भरून घेण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्याला, दिला गेला. आता हिशेब करा. फोटो अडकला गावातल्या फोनमध्ये आणि तो सोडवायची किल्ली गडचिरोलीत. मधल्या काळात थकते ती मजुरी. ॲप तांत्रिकदृष्ट्या 'ऑफलाईन चालतं' हे खरं असू शकतं, आणि तरीही ज्याच्यासाठी ते आहे त्याचं काम अडू शकतं.

पोषण ट्रॅकरची गोष्ट याहून बोलकी आहे. हे अंगणवाड्यांचं ॲप १ मार्च २०२१ ला आलं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन कमी क्षमतेचे होते, सारखे बिघडत होते, आणि ॲपमध्ये माहिती मराठीत भरता येत नव्हती. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांतच एक धडा असतो : वापरणाऱ्याला काय हवं ते बांधण्याआधी विचारा, कारण नंतरची दुरुस्ती फार महाग पडते. या एका विषयावर १९९३ पासून वेगळी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. सेविकांनी फोन परत केले तेव्हा त्या हाच धडा रस्त्यावर येऊन सांगत होत्या. भामरागडकडे तर प्रश्न मराठीपाशीही थांबत नाही. घरात माडिया बोलली जाते आणि गोंडीला आजही आठव्या अनुसूचीत जागा नाही.

जंगलातलं सगळंच ॲप फसलं असंही नाही. ताडोबासह व्याघ्र प्रकल्पांत वनरक्षकांच्या गस्तीसाठी एम-स्ट्राइप्स ही प्रणाली २०१० पासून आहे आणि २०१८ च्या व्याघ्रगणनेत तिचं मोबाईल ॲप वापरलं गेलं. चाललेली वाट जीपीएसवर फोनमध्ये नोंदवायची आणि नेटवर्कमध्ये परतल्यावर ती माहिती चढवायची, अशी तिची रीत. जंगलात रेंज नसणार हे तिथे सुरुवातीपासून गृहीत होतं. शिवाय गस्तीची नोंद दोन दिवस उशिरा चढली म्हणून कोणाची मजुरी बुडत नाही. हा फरक तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा आहे.

हे प्रश्न परिषदेपर्यंत का पोहोचत नाहीत?

इथे झिमरमन यांच्या निबंधाकडे परत जावं लागतं. त्यांनी अभ्यासलेली सॉफ्टवेअर उघडी होती. कोणीही त्यांची नोंदवही वाचू शकत होतं. पुढच्या वीस वर्षांचं पुष्कळ संशोधन अशाच उघड्या प्रकल्पांवर उभं राहिलं, कारण माहिती तिथे आयती मिळते. दिव्याखाली उजेड आहे म्हणून किल्ली तिथेच शोधण्याचा हा प्रकार आहे, आणि खुद्द या क्षेत्रातले संशोधकही ही तक्रार करत आले आहेत. आयसीएसईने २०१५ पासून 'समाजातलं सॉफ्टवेअर' असा स्वतंत्र विभाग सुरू केला, तो या जाणिवेतूनच.

पण विभाग असून भागत नाही, कच्चा माल लागतो. एनएमएमएसमध्ये कोणती चूक कधी कळली, ती कोणी नोंदवली, किती दिवसांत सुटली, कोणत्या आवृत्तीनंतर फोटो चढायचे थांबले, हे पुण्यातल्या किंवा नागपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला तपासायचं असेल तर अशी नोंदवही त्याच्यासमोर उघडी नाही. ग्रामरोजगार सेवकाची तक्रार व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, तालुक्याच्या बैठकीत तोंडी मांडली जाते आणि तिथेच विरते.

यासाठी नवं धोरण लागणार नाही. सरकारी ॲप्सचा कोड खुला करून सहकार्याने विकसित करण्याचं केंद्राचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉईड ॲपचा कोड टीकेनंतर खुला केला गेला. कोट्यवधी लोकांच्या फोनमधलं ॲप उघडं करता येतं, हे तेव्हा दिसलं. हजेरीच्या आणि पोषणाच्या ॲपमधल्या चुकांची यादी खुली करणं त्याहून सोपं आहे. त्यात मजुरांची किंवा बाळांची नावं उघड करायची गरज नाही.

मजुरांची खासगी माहिती आणि फसवणुकीच्या नव्या वाटा ही कोड बंद ठेवण्यामागची कारणं सांगितली जाऊ शकतात. पहिलं कारण कोडला लागू होत नाही, कारण माहिती वेगळी साठवलेली असते. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. पण जुलैच्या परिपत्रकाने दाखवलं की कोड बंद असतानाही लोकांना फसवणुकीच्या वाटा सापडल्याच. फोटोचा फोटो काढायला कोड वाचावा लागत नाही.

हजेरीचं हे परिपत्रक निघालं त्याच्या आठवडाभर आधी, १ जुलै २०२५ पासून, पोषण ट्रॅकरमध्ये घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखून पडताळणी करणं सक्तीचं झालं. गरोदर बाई किंवा बाळाच्या आईने फोनसमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की आहार मिळणार. हजेरीच्या ॲपमध्ये फोटोचं काय झालं हे मंत्रालय लिहून काढत होतं, त्याच महिन्यात. जुलै म्हणजे पर्लकोटेच्या पुराचे दिवस.